एका चुलीचे चौघे

राजाजीनगर, बंगळूर
२३ नोव्हेंबर १९५८

प्रिय दादा,

तुझी बायको विलायतेहून सुखरूप पोचली. बोट लागली नाही, पेट्या हरवल्या नाहीत, मुंबईहून गाडीत खिडकीही मिळाली. एवढं तारेत मावलं नसतं म्हणून पत्र.

तूही तिच्याबरोबर येणार होतास. रजा मिळाली नाही असं तू बाबांना कळवलंस. मी डोराला विचारलं तर ती म्हणाली, "त्यानं मागितली असती तर मिळाली असती." हे मी बाबांना सांगितलेलं नाही. आईला सांगायचा प्रश्नच नाही. तुझ्या लग्नाचं पत्र आलं त्या दिवसापासून घरात तुझं नाव निघालं की ती उठून तुळशीला पाणी घालायला जाते. बाबा अधूनमधून विसरतात, त्यामुळे आपली तुळस चांगली फोफावली आहे.

डोरा शिकवते ती शाळा कॅन्टोन्मेंटमध्ये आहे आणि नोकरी एप्रिलपर्यंत. राहते शाळेच्या हॉस्टेलात, ते आवारातच असल्यामुळे तिला सोयीचं पडतं. रविवारी आपल्याकडे जेवायला येते. आई तिला केळीच्या पानावर वाढते, अगदी पाहुण्यासारखं. व्हरांड्यात ऊनही छान येतं.

शाळेतल्या आयाकडून तिनं थोडं कानडी उचललं आहे. परवा आई भात वाढत होती तर ही म्हणाली, "स्वल्प, स्वल्प." पुरे झाल्यावर म्हणाली, "सरी." आई आत आली आणि मला म्हणाली, "कानडी येतं हिला. नवऱ्यानं मराठी काही शिकवलेलं दिसत नाही." दादा, पाच वर्षांत आई तुझ्याबद्दल बोललेलं हे पहिलं वाक्य. टीका आहे, पण वाक्य आहे.

आता तू गेलास तेव्हा इथे नव्हती अशी एक गोष्ट सांगते. आपल्या भागात पळणाऱ्यांचं एक मंडळ निघालं आहे, नाव 'बेट्ट बळग'. बेट्ट म्हणजे डोंगर हे तुला आठवत असेल. बळग म्हणजे आपली माणसं. बाबांच्या कारखान्यात कल्लाप्पा म्हणून अथणीकडचे टर्नर आहेत, जुने पैलवान, त्यांनी ते काढलं. रविवारी सकाळी सगळे लालबागेतल्या खडकावर, नाहीतर बनशंकरीच्या देवळापलीकडच्या टेकड्यांवर चढतात, उतरतात आणि शेवटी इडल्या खातात. वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, नंदीच्या डोंगरावर रिले.

पहिल्या वर्षी ही रिले खात्याखात्यांत लावली, तर फौंड्रीवाले आणि टूलरूमवाले देवळासमोर एकमेकांची गचांडी धरून उभे. तेव्हा कल्लाप्पांनी नियम केला की संघ घराचा. एका चुलीचे चौघे. नातं विचारायचं नाही, भाडेकरूसुद्धा चालतो, पण त्या आठवड्यात तो त्या चुलीपाशी बसून जेवलेला पाहिजे. नाहीतर जो तो कुस्तीच्या आखाड्यातून माणसं उसनी आणेल. आणि एकानं दुसऱ्याच्या हातात द्यायचं ते घरचं लाटणं. सुरुवातीला घरची बाई आपल्या चौघांना नावानं पुकारते आणि पहिल्याच्या हातात लाटणं देते. वाटेत पडलं तर पुसून घ्यायचं. हा पोटनियम बायकांनी घातला.

आपले चौघे म्हणजे बाबा, आपला धाकटा रत्नाकर, मी आणि आई. दचकू नकोस. आई शेवटचा सपाटीचा टप्पा करते, चालत. गेल्या वर्षी तर वाटेत एका शेतकरणीशी अवरेकाईच्या शेंगांबद्दल बोलत उभी राहिली. आपण शेवटचे आलो. शेजारच्या अंबूबाईंचे चार मुलगे पहिले. अंबूबाई आईला म्हणाल्या, "तुमचं लाटणं पोळीलाच बरं हो." आई तेव्हा हसली. घरी येऊन मात्र दोन दिवस भात केला, पोळी केली नाही.

तुझी,
प्रतिमा


१४ डिसेंबर १९५८

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं. आईनंच पोस्टमनकडून घेतलं, उलटसुलट करून तिकिटावरची राणी बघितली आणि माझ्या टेबलावर ठेवून दिलं.

आई डोराशी नीट वागते ना, असं तू विचारलं आहेस. केळीच्या पानाबद्दल मी जे लिहिलं ते अर्धं होतं. पान टाकून देता येतं. ताट घासून घरात घ्यावं लागतं. ऊन छान येतं हे खरं, पण डोरा व्हरांड्याच्या आत आलेली नाही हेही खरं. हॉस्टेल सोयीचं आहे, आणि तुझी खोली रिकामी आहे.

डोराला हे सगळं कळतं. ती कुरकुर करत नाही, पान पुसून खाते. फक्त परवा बसथांब्यावर मला म्हणाली, "प्रतिमा, मी एप्रिलमध्ये व्हरांड्यातूनच परत गेले तर तुझा भाऊ म्हणेल, बघ, मी सांगत होतो. मग तो कधीच येणार नाही. तो कामात आहे असं तो म्हणतो, पण तो घाबरलेला आहे." मी सांगितलं की आमच्या घरात ती जुनी पद्धत आहे, आई बोलत नाही आणि बाकीचे घाबरतात.

आता आनंदाची बातमी. गेल्या रविवारी रत्नाकर तिला टेकडीवर घेऊन गेला. कॉलेजात गेल्यापासून त्याला वाटतं की घरातले सगळे प्रश्न व्यायामानं सुटतात. चढताना डोरा आपल्यासारखीच. धापा टाकते, बीटासारखी लाल होते, बाबासुद्धा तिच्या पुढे निघून गेले. खरी मजा उतरताना.

आपल्या मंडळात उतार म्हणजे विश्रांती. रिलेमध्ये उताराचा टप्पा बहुतेक घरं आपल्या सगळ्यांत म्हाताऱ्या किंवा जाड माणसाला देतात. हे सगळे गुडघ्यावर हात ठेवून गप्पा मारत, एकमेकांची वाट बघत खाली येतात. आणि ही तुझी बायको. वर एक मिनिट कमरेवर हात ठेवून उभी राहिली, खाली बघितलं आणि सुटली. पायवाट सोडून सरळ खडकावरून. दोन्ही हात पसरलेले, जणू आपल्या अंगणात कोंबड्या हाकलते आहे. खाली कल्लाप्पा उभे होते. ते रत्नाकरला म्हणाले,

"ही पळतीया का पडतीया?"

"दोन्ही, मामा."

"परत एकदा उतर म्हणावं. मला पाय बघायचेत."

ती परत चढली आणि परत उतरली. मग तिनं सांगितलं की पायाकडे बघायचंच नाही, चार पावलं पुढे बघायचं. दगड हलणार असेल तर तो हलायच्या आत सोडायचा. तिच्या गावाकडे मेंढ्यांच्या डोंगरांवर अशाच शर्यती असतात, आणि शर्यत चढावर कुणी जिंकत नाही, उतारावर जिंकतात. रत्नाकरनं लगेच करून बघितलं आणि विजारीचं बूड फाडून घेतलं. बाबांनाही करायचं होतं. त्यांना आम्ही दोघांनी धरून ठेवलं.

तू तिला पहिल्यांदा अशाच एका शर्यतीत पाहिलंस म्हणे, चिखलानं माखलेली. आम्हाला तर लिहिलं होतंस की वाचनालयात.

एक वाईट बातमीही आहे. आई न्हाणीघरात घसरली. हाड मोडलेलं नाही, पण गुडघा सुजला आहे आणि डॉक्टरांनी यंदा डोंगराचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं. म्हणजे आपण तिघेच उरलो. आईनं हे ऐकून फक्त विचारलं, "अंबूला कोणी सांगितलं नाही ना?"

भिंत एकच आहे. अंबूबाईंना डॉक्टरांच्या आधी कळलं होतं.

प्रतिमा


१६ जानेवारी १९५९

प्रिय दादा,

संक्रांत झाली. अंबूबाई एळ्ळू-बेळ्ळाचं ताट घेऊन आल्या. तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे, साखरेचे पोपट, सगळं नेहमीसारखं. बसल्या आणि आईच्या गुडघ्याकडे बघत म्हणाल्या,

"यंदा विश्रांती म्हणा की हो अक्का. लाटण्यालाही आणि तुम्हालाही."

"का? आमचे चौघे आहेत."

"कोण कोण?"

आई शेंगदाणा चावत राहिली. रत्नाकर दाराशी उभा होता. तो म्हणाला, "मी, बाबा, प्रतिमाताई आणि डोरावहिनी."

त्याच्या तोंडून 'वहिनी' हा शब्द घरात पहिल्यांदा निघाला. मी तुळशीकडे बघितलं. आई उठली नाही. गुडघा दुखत होता म्हणून की अंबूबाई समोर होत्या म्हणून, ते मला सांगता येणार नाही. अंबूबाई म्हणाल्या, "गोरी बाई? डोंगरावरून?" आणि तोंडाला पदर लावला. तो पदर आईला लागला.

त्या गेल्यावर आई बाबांना म्हणाली, "धावू दे तिला. उतरणीला ठेवा, तिथे कोणी बघत नाही. पण माझ्या चुलीशी याचा संबंध नाही, हे आत्ताच सांगते. कल्लाप्पा काही घराघरांत डोकावत नाही."

बाबा म्हणाले, "नियम तसा नाही."

"नियम त्यानं केला. स्वयंपाक मी करते."

दादा, तू लिहितोस की आईला उगीच त्रास देऊ नका, डोराला एप्रिलपर्यंत निभावून न्या, मग सगळं पहिल्यासारखं होईल. पहिल्यासारखं म्हणजे कसं, ते मी रोज बघते. आई तुझ्या खोलीची खिडकी सकाळी उघडते, संध्याकाळी लावते, आणि कुणासाठी ते सांगत नाही. तेव्हा तुझा सल्ला मी बाजूला ठेवला आहे. रागावलास तर इथे येऊन रागाव.

डोरा आता दर रविवारी टेकडीवर येते. फ्रॉकमध्ये पळता येत नाही म्हणून रत्नाकरनं तिला आपला पायजमा दिला. ती तो घालून व्हरांड्यात आली तेव्हा आई तांदूळ निवडत होती. वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला म्हणाली, "नाडी घट्ट बांध म्हणावं तिला." मी भाषांतर करायच्या आत डोरानं नाडी ओढून गाठ मारली. मराठी येत नाही असं आपण समजतो. बहुतेक येतं.

प्रतिमा


१० फेब्रुवारी १९५९

प्रिय दादा,

हात दुखतो आहे, पाय तर विचारूच नकोस, पण आजच लिहायला हवं.

रविवारी लॉरीतून सगळी घरं नंदीला पोचली. पायथ्याच्या गावात, मोठ्या देवळाच्या बाहेर, चिंचेखाली सगळ्यांनी आपापल्या तीन दगडांच्या चुली मांडल्या. पळून झाल्यावर प्रत्येक घर आपल्या चुलीवर गरम काहीतरी करतं आणि मग वाटून खातात, अशी रीत आहे. आईला आम्ही घडीच्या खुर्चीवर बसवलं. शेजारी पिठाचा डबा, तवा, लाटणं. डोरा जरा लांब, लॉरीच्या चाकाशी बसून बुटांच्या नाड्या पुन्हा पुन्हा बांधत होती.

कल्लाप्पा शिट्टी घेऊन प्रत्येक घरापाशी आले. बायका नावं पुकारत होत्या. अंबूबाईंनी चारही मुलांची नावं अशी घेतली की देवळातले पुजारी बाहेर आले. मग आपली पाळी. आई म्हणाली, "आमचे हे, रत्नाकर, प्रतिमा आणि..." आणि तिथे थांबली. मग म्हणाली, "आणि ती."

"ती तर बाहेर व्हरांड्यात जेवते की," अंबूबाई म्हणाल्या. दुष्टपणानं नाही, दादा, तेवढं मी कबूल करते. कांदा महाग झालाय की, अशा सुरात. "मी दर रविवारी बघते. नियम म्हणजे नियम की हो कल्लाप्पाण्णा."

कल्लाप्पा खाली बघून म्हणाले, "अक्का, मला विचारायलाच पायजे. ही तुमच्या चुलीची काय?"

बाबा कमरेवर हात ठेवून डोंगराकडे बघायला लागले. मला वाटलं, आता आई म्हणणार 'नाही', आणि आपण सगळे लॉरीत बसणार, आणि एप्रिलमध्ये डोरा बोटीत बसणार, आणि झालं. डोराला सगळे शब्द कळले नसतील, पण ती उभी राहिली होती. आईला खोटं बोलता येत नाही. आपल्याला ते लहानपणापासून नडलं आहे.

आई म्हणाली, "नाही. अजून नाही. शिट्टी वाजली का?"

"नाही वाजली."

"मग थांब जरा."

ती खुर्चीवरून उठली, दुखरा पाय लांब करून जमिनीवर बसली आणि चूल पेटवली. दादा, पंधरा घरं पळायच्या कपड्यांत उभी, आणि आई फुंकणीनं जाळ करते आहे. पीठ घेतलं, पाणी घातलं, मळलं. अंबूबाईंचा धाकटा म्हणाला, "उशीर होतोय," तर कल्लाप्पांनी त्याच्याकडे एकदाच बघितलं. आईनं त्या लाटण्यानं पोळी लाटली, तव्यावर टाकली, आणि मान वर न करता म्हणाली,

"प्रतिमा, तिला बोलाव. इथे, माझ्याजवळ. बूट काढ म्हणावं."

डोरा बूट काढून आली आणि मांडी घालून बसली. जाळाची धग तोंडावर येईल इतक्या जवळ. आईनं पोळीवर तूप घातलं, दोन तुकडे केले, एका ताटलीत घेतले, एक तिला दिला, दुसरा स्वतः खाल्ला. त्याच ताटलीत. मग अंबूबाईंकडे वळून म्हणाली, "घरातली चूल सोवळ्याची आहे, तिचं मी बघीन. पण चूल म्हणजे मी पेटवीन ती. आता विचार रे कल्लाप्पा."

"ही तुमच्या चुलीची काय, अक्का?"

"माझी थोरली सून आहे. हिला उतरणीला ठेवली आहे."

अंबूबाई म्हणाल्या, "सरी. आता कोण काय बोलणार." मग पुढे वाकून, "एक पोळी मलाही द्या की. वास काय सुटलाय."

"पळून झाल्यावर," आई म्हणाली.

मग शिट्टी वाजली. लाटणं अजून कोमट होतं, असं बाबा सांगतात. त्यांनी शेतांतून पायऱ्यांपर्यंतचा टप्पा बरा केला, म्हणजे शेवटून तिसरे. रत्नाकर चढावर दोघांना मागे टाकून वर पोचला आणि ओकला, पण लाटणं आधी दिलं. मी पायऱ्यांच्या तळाशी उभी. वरून घरोघरचे काका, आत्या, आजोबा नेहमीसारखे रमतगमत खाली येत होते. अंबूबाईंच्या थोरल्याला यंदा उतरणीला ठेवलं होतं, तो वजनानं आता भारी झाला आहे. तोही निवांत, कुणाच्या तरी काकांशी बोलत.

मग वरच्या वळणावर आरडाओरडा ऐकू आला. माणसं पायऱ्यांच्या कडेला होत होती. डोरा पायऱ्यांवर नव्हतीच. पायऱ्यांशेजारच्या उघड्या खडकावरून येत होती, रत्नाकरच्या पायजम्यात वारा भरलेला, दोन्ही हात पसरलेले, एका हातात आईचं लाटणं. एक आजोबा तिला बघून खाली बसले आणि रामनाम घ्यायला लागले. ती त्यांना म्हणाली, "सरी, सरी," आणि निघून गेली. अंबूबाईंच्या थोरल्यानं मागे वळून बघितलं आणि तोही पळायला लागला, पण त्याला उतरायचं कुणी शिकवलं नव्हतं. तो बसून घसरत आला.

वहिनीनं लाटणं माझ्या हातात दिलं तेव्हा आपण पहिले होतो. हे वाक्य मी दोनदा वाचलं, तूही वाच.

पहिले राहिलो नाही. तो दोष माझ्या पायांचा. तळ्याच्या बांधावर मला दोघांनी गाठलं. देवळाच्या अलीकडे मागे आणखी कोणाचे तरी पाय वाजायला लागले, आणि समोर आई खुर्चीवर उभी. डॉक्टरांनी बघितलं असतं तर फी परत दिली असती. ती अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडत होती, "मागे बघू नकोस, अंबूचा धाकटा आहे." मी बघितलं नाही. आपण तिसरे आलो, अंबूबाई चौथ्या. आपल्या घरात याला पहिला नंबर धरतात.

अंबूबाईंना पोळी मिळाली. दोन मिळाल्या.

घरी आल्यावर वहिनी सवयीनं व्हरांड्यात टेकली. आई दारातून म्हणाली, "तिथे ऊन गेलं आता. आत ये." मराठीत. वहिनी उठली आणि आत गेली. हॉस्टेलातलं सामान उद्या रत्नाकर आणणार आहे. सोवळ्याचं काय करायचं त्यावर आई आणि बाबांचं बोलणं अजून चालू आहे. बाबांचं म्हणणं की अग्नी सगळं शुद्ध करतो, आईचं म्हणणं की बाबांनी स्वयंपाकघरात लक्ष घालू नये. तोवर वहिनीला मटार सोलायला बसवलं आहे. निम्मे ती खाते. आईला दिसतं.

हे पत्र मी बंद करत होते, तर आईनं हात पुढे केला. कशाला ते मी विचारलं नाही. खाली तिचं अक्षर आहे.

तुझी,
प्रतिमा


चि. अरविंद यास अनेक आशीर्वाद.

प्रतिमाचं सगळं खरं धरू नकोस. माझा आवाज एवढा मोठा नाही. सुनेच्या पायांना रात्री तेल लावून दिलं. पाय बर्फासारखे गार आहेत. तिथल्या थंडीत तू तिला साधे लोकरीचे मोजे घेऊन देत नाहीस असं दिसतं. मी विणायला घेतले आहेत. तुझाही एक जोड घेतला आहे. माप आठवणीनं धरलं आहे, ते चुकलेलं असणार. पोस्टानं पाठवणार नाही. इथे येऊन घालून बघ, नाही बसले तर उसवून पुन्हा करीन.

आई